मोडी आणि रोजची १५ मिनिटं
नवीन काही शिकायचं तर रोज थोडं थोडं शिका, असं सांगणारा एक लेख वाचला. म्हणणं पटलं, पण मधे दोन-तीन महिने गाडी जागची हलत नाही त्याबद्दलही लिहायला हवं होतं. आमच्याकडे पणजोबांचे जमिनीचे मोडीतले (म्हणजे मराठीच्या जुन्या लिपीतले) कागद होते म्हणून मी रोज १५ मिनिटं मोडी शिकायला बसलो, अक्षरं आठवड्याभरात पाठ झाली आणि वाटलं झालं की काम! कसलं काय, आधी आख्खी रेघ ओढून खाली सलग लिहिलेलं, शब्द कुठे तुटतो तेच कळेना आणि ऱ्हस्व-दीर्घ तर नाहीच 😅 रोज दोनच ओळी लावायचो. वर्षभराने एकदा चहा पिता पिता आख्खं पान वाचून काढलं, बायको म्हणाली थंड झाला तो.