शर्मनची उंची, डोनरचा चढ आणि आपला भोर घाट : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

अमेरिकेतल्या जुन्या रेल्वे-घाटांवरच्या माझ्या लेखाला आपण दिलेली प्रतिक्रिया वाचली. रेल्वेतून निवृत्त झालेला, कर्जत-लोणावळा चढात आयुष्य घालवलेला माणूस एवढं मन लावून खोडून काढतो, तेव्हा दोन ओळींत आभार मानून सुटणं बरं नाही. म्हणून हे स्वतंत्र उत्तर.

ज्यांनी आपली प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी आक्षेप थोडक्यात सांगतो. वायोमिंगमधल्या शर्मनच्या माथ्याची उंची मी एकदा ८,२४७ फूट दिली आणि पुढे ८,०१३. तेव्हा ‘आकडे तपासून लिहीत जा’. कॅलिफोर्नियातला डोनरचा माथा ७,०१७ फुटांवर, म्हणजे शर्मनहून बाराशे फूट खाली, तरी मी त्याला जास्त अवघड म्हटलं. आणि डोनरचा कडक चढ २.२ टक्के, म्हणजे जेमतेम १:४५ (४५ फुटांत एक फूट), तर आपला भोर घाट १:३७. ‘मग हे कौतुक कशासाठी?’ आपला खरा राग या तिसऱ्या मुद्द्यावर आहे, असं मला वाटतं. शेवटी बिग बॉय या युनियन पॅसिफिकच्या अवाढव्य वाफेच्या इंजिनाबद्दल आपण एक खोचक प्रश्नही टाकला आहे. त्याकडे येतोच.

शर्मनचे दोन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त ते वेगवेगळ्या रुळांचे आहेत. युनियन पॅसिफिक या रेल्वे कंपनीने १८६८ मध्ये टाकलेली मूळ लाइन ८,२४७ फुटांवरून जायची. १९०१ मध्ये, हॅरिमन कंपनीचा प्रमुख असताना, कंपनीने तीच लाइन काही मैल दक्षिणेला सरकवली, बोगदा खणला, डेल क्रीकचा तो थरकाप उडवणारा उंच पूल कायमचा टाळला आणि माथा ८,०१३ फुटांवर आणला. मूळ रुळांच्या कडेला एम्स बंधूंच्या नावाने उभारलेला, १८८२ मध्ये पूर्ण झालेला साठ फुटी ग्रॅनाइटचा पिरॅमिड आजही आहे. पण त्याच्यासमोरून गाडी जात नाही आणि शर्मन गावही उरलेलं नाही. लेखात पहिला आकडा १८६९ च्या गाडीच्या वर्णनात आला आहे, दुसरा बिग बॉयच्या.

अमेरिकेत हे सर्रास घडलं आहे, त्यामुळे ‘अमुक घाटाची उंची किती’ या प्रश्नाला ‘कोणत्या साली’ हे विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही. डेन्व्हरहून पश्चिमेला जाणारी मोफॅटची लाइन आधी रॉलिन्स खिंडीतून, ११,६०० फुटांच्याही वरून, ४ टक्क्यांच्या चढाने जायची. १९२८ मध्ये सहा मैलांहून लांब मोफॅट बोगदा सुरू झाला आणि माथा एकदम ९,२३९ फुटांवर आला. डोंगर तोच, कंपनीची वाट तीच, फरक अडीच हजार फुटांचा. डोनरलासुद्धा १९२५ मध्ये दुसरा, खालून जाणारा बोगदा झाला आणि १८६७ मध्ये आरपार खणलेल्या जुन्या बोगद्यातून १९९३ नंतर गाडी गेलेली नाही.

आता डोनर विरुद्ध शर्मन. माथ्याची उंची पाटीवर शोभते, फोटोत शोभते, पण इंजिनाला तिच्याशी फारसं देणंघेणं नसतं. इंजिनाला कळतं ते एवढंच : चढ किती कडक, तो किती मैल चालणार, आणि मागे किती टन आहेत. दहाव्या मजल्यावर राहणारा माणूस नवव्यावरून चढून आला तर त्याला धाप लागत नाही. शर्मनचं तसं आहे. ओमाहा हजारेक फुटांवर आणि शायेन सहा हजारांच्या किंचित वर. पण ते पाच हजार फूट पाचशे मैलांच्या माळावर पसरलेले आहेत, मैलाला जेमतेम दहा फूट. शायेनपासून खरा चढ लागतो आणि सुमारे ३३ मैलांत साधारण २,२०० फूट चढून गाडी माथ्यावर येते. तिथेही निसर्गाने कृपा केलेली आहे. लॅरमी डोंगररांगेला पूर्वेकडून सगळीकडे तुटका उतार आहे. एका ठिकाणी मात्र माळाची एक अरुंद सोंड डोंगराच्या अंगावर थेट चढलेली आहे. मुख्य अभियंता ग्रेनव्हिल डॉजने ती १८६५ मध्ये अचानक सापडल्याची गोष्ट पुढे रंगवून सांगितली. गोष्टीत मीठमसाला असेलही, पण सोंड खरी आहे आणि आजही तिच्यावरूनच रूळ जातात.

सॅक्रामेंटो मात्र समुद्रसपाटीपासून तीसेक फुटांवर. तिथून १०५ मैलांत ७,०१७ फूट. भागाकार करून पाहा : शायेन-शर्मन मैलाला सुमारे ६६ फूट, सॅक्रामेंटो-डोनरही मैलाला सुमारे ६६ फूट. सरासरी चढ दोन्हीकडे जवळपास सारखाच निघतो, हे मला स्वतःला फार गमतीचं वाटतं. फरक पडतो तो लांबीत. डोनरला तोच चढ तिप्पट अंतर चालतो आणि शेवटी बर्फात घुसतो. तिथे ही लाइन बांधणाऱ्या सेंट्रल पॅसिफिक कंपनीला मैलोन्‌मैल लाकडी छपरं घालून रूळ झाकावे लागले. त्या छपरांत आणि बोगद्यांत चिमणीमागे बसलेल्या ड्रायव्हरचा जीव धुराने गुदमरायचा, म्हणून पुढे सदर्न पॅसिफिकने कॅब पुढे आणि चिमणी मागे अशी उलटी इंजिनं बांधून घेतली. जानेवारी १९५२ मध्ये ‘सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्को’ ही आलिशान गाडी दोनशेहून जास्त माणसांसह याच घाटाच्या बर्फात तीन दिवस रुतून बसली होती, आणि तेव्हा डिझेल इंजिनं आली होती. शर्मनला वारा आणि हिमवादळं आहेत, नाही असं नाही. पण मी डोनरला अवघड म्हटलं ते या सगळ्या हिशेबाने, आणि अजूनही म्हणतो.

उंचीवर माणसाचा भरवसा किती चुकीचा असतो हे पाहायचं तर नॉर्थ कॅरोलायनातला सलूडाचा चढ घ्या. माथा जेमतेम २,१०० फूट, म्हणजे आपल्या लोणावळ्याएवढाच. पण अडीचेक मैल सरासरी ४.२ टक्के, काही जागी ५ च्या आसपास. १८७८ मध्ये कैद्यांच्या श्रमांतून झालेली ही लाइन २००१ पर्यंत चालू होती. अमेरिकेतल्या मुख्य मार्गांत याहून उभा चढ नव्हता. वर जाताना मालगाडीचे तुकडे करून एकेक तुकडा चढवायचे. खाली येताना सांधा नेहमी सुटकेच्या, डोंगरात चढणाऱ्या रुळाकडे लावलेला असे. ‘गाडी ताब्यात आहे’ अशी शिट्टी ड्रायव्हरने दिली तरच तो मुख्य रुळाकडे वळवत. आपल्याला कॅच साइडिंग म्हणजे काय हे मी काय सांगणार!

आणि त्याच्या उलट टोकाला कोलोरॅडोतली टेनेसी खिंड : १०,२२१ फूट, अमेरिकेतल्या अलीकडच्या मुख्य मार्गांतला सर्वांत उंच माथा, १९९७ पासून तिथून गाड्या जात नाहीत. पश्चिमेकडून चढायला ३ टक्के, पूर्वेकडून त्याच्या निम्म्याहूनही कमी. एकच पाटी, एकच आकडा, आणि दोन बाजूंना दोन निराळे डोंगर.

आता भोर घाट. इथे आपलं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे, नव्हे, आपण ते पुरेसं जोरात मांडलेलंच नाही. १:३७ हा तर सर्वांत कडक तुकडा झाला. पण सबंध घाटाचा हिशेब करा : १५ मैल ६८ साखळ्यांत, म्हणजे जवळपास १६ मैलांत, १,८३१ फूट. मैलाला सुमारे ११६ फूट. हा आकडा अमेरिकन रेल्वेच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. १८६२ च्या पॅसिफिक रेल्वे कायद्याने अट घातली होती की नव्या लाइनचा चढ बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेच्या सर्वांत कडक चढाहून जास्त नसावा, आणि तो होता मैलाला ११६ फूट. त्यांचं २.२ टक्के आलं ते तिथून. म्हणजे त्यांच्या कायद्याने जी कमाल मर्यादा ठरवली, ती आपल्या घाटाची सरासरी आहे. भोर घाट एप्रिल १८६३ मध्ये सुरू झाला. सेंट्रल पॅसिफिकने सॅक्रामेंटोत पहिलं फावडं मारलं त्याच वर्षीच्या जानेवारीत.

मग भोर घाटाचा अभियंता बर्कली याला जास्त कडक चढ का घ्यावा लागला? अमेरिकन अभियंते सावध आणि आपल्याकडचे धाडसी, असं नाही. सिएरा नेवाडाची पश्चिम बाजू ही शंभर मैलांची तिरकी पडलेली फळी आहे. सेंट्रल पॅसिफिकचा अभियंता थिओडोर ज्युडाने नद्यांच्या दोन खोऱ्यांमधली एक न तुटणारी धार शोधली आणि तिच्या पाठीवरून लाइन नेली. लांबी भरपूर मिळाली, म्हणून चढ २.२ च्या आत बसला. सह्याद्री आपल्याला असं काही देत नाही. कोकण सपाट आणि मग एकदम उभा कडा. लांबी मिळवायला जागाच नाही, म्हणून खंडाळ्याजवळ गाडीची दिशा उलटवणारं रिव्हर्सिंग स्टेशन करावं लागलं आणि ते १९२९ पर्यंत वापरात राहिलं. त्यामुळे १:३७ ला मी शौर्यपदक द्यायला तयार नाही. तो कड्याने लादलेला आकडा आहे. थळ घाटातही तोच आकडा यावा, याचं मला आश्चर्य वाटत नाही.

जाता जाता एक किस्सा, कारण तो लेखात राहून गेला होता. अमेरिकन सरकार मैलामागे कर्जरोखे द्यायचं : सपाटीवर १६,००० डॉलर, डोंगरात ४८,०००. तेव्हा डोंगर कुठे सुरू होतो याला रोख किंमत आली. सेंट्रल पॅसिफिकने दावा केला की सिएराचा पायथा सॅक्रामेंटोपासून सात मैलांवर, आर्केड क्रीक नावाच्या ओढ्याजवळ आहे. जमीन तिथे ताटासारखी सपाट. पण मातीचा रंग बदलतो असं कारण पुढे झालं, राज्याच्या भूगर्भतज्ज्ञाने होकार दिला आणि १८६४ मध्ये लिंकननी सही केली. तिप्पट पैसे सुरू झाले. उंचीच्या आकड्यावर मी फार विसंबत नाही, त्यात या व्यवहाराचाही वाटा आहे.

राहिला आपला प्रश्न : ‘तुमचा लाडका बिग बॉय आमच्या घाटात आला असता तर?’

आधी एक सांगतो. बिग बॉय शर्मनसाठी बांधलेला नाही. १९४१ मध्ये पहिली वीस इंजिनं आली ती युटातल्या वासॅच डोंगरासाठी. तिथला रुलिंग ग्रेडियंट (गाडीचं वजन ठरवणारा कडक चढ) १.१४ टक्के, आणि बँकर (जोडीला लावायचं मदतीचं इंजिन) न लावता ३,६०० टनांची गाडी चढवायची, ही कंपनीची मागणी. शर्मनवर ही इंजिनं नंतर गेली. म्हणजे जगातल्या सर्वांत प्रसिद्ध डोंगरी इंजिनाचा मूळ डोंगर १:८८ चा. आपण हसाल, पण मागे ३,६०० टन आहेत हे विसरू नका.

गणित सोपं आहे. १ टक्का चढ म्हणजे दर टनामागे २० पौंड जास्तीची ओढ. १:३७ ला ती ५४ होते आणि चाकांचं घर्षण धरून साठच्या घरात जाते. बिग बॉयची ओढ १,३५,३७५ पौंड. भागाकार केला तर इंजिनासकट साधारण सव्वादोन हजार टन येतात, आणि त्यातले सहाशे टन इंजिन आणि टेंडरचेच (टेंडर म्हणजे इंजिनामागचा कोळसा-पाण्याचा डबा). मागे उरले दीड-पावणेदोन हजार, वासॅचच्या निम्म्याहून कमी, तेही कोरड्या रुळांवर. जुलैच्या पावसात रूळ ओले झाल्यावर काय राहिलं असतं, ते आपणच मला सांगा. गेज (दोन रुळांमधलं अंतर) वेगळा हा मुद्दा सोडून दिला तरी प्रत्येक आसावर तीस टनांच्या आसपास भार. १९२९ पूर्वीच्या घाटातले पूल पहिल्याच दिवशी तक्रार करते. आणि टेंडरसह १३२ फुटांचं ते धूड रिव्हर्सिंग स्टेशनच्या कड्याशी नेऊन मागे फिरवायची ड्यूटी, माफ करा, आपल्या खात्याकडे.