पार्ट मालक निवडतो, घाट ड्रायव्हर उतरतो

पिकअपवाल्यांच्यात हा वाद काही मिटत नाही. ब्रेकचं काम निघालंय, गाडीच्या कंपनीचा माल टाकू की बाहेरचा? एक म्हणतो, कंपनीशिवाय हात लावू नका. दुसरा म्हणतो, नुसते डब्याचे पैसे घेतात. मला यात एक गोष्ट फार खटकते. पार्ट ठरवतो मालक आणि भरलेली गाडी घेऊन माळशेज उतरतो ड्रायव्हर. बचत एकाची, जीव दुसऱ्याचा. म्हणून माझं स्पष्ट मत आहे: ब्रेकच्या पार्टचा डबा ड्रायव्हरसमोरच फोडायचा, आणि त्याला पटला नाही तर तो माल गाडीला लावायचा नाही.

आता मालाचं. गाडीची कंपनी पॅड-लायनर, म्हणजे ब्रेकमध्ये घासून गाडी थांबवणारे भाग, सहसा स्वतः बनवतच नाही. ब्रेक्स इंडिया, राणे, सुंदरम यांच्यासारखे कारखाने ते बनवतात, गाडी कंपन्यांना पुरवतात आणि स्वतःच्या नावाच्या डब्यातून दुकानातही विकतात. त्यामुळे बाहेरचा म्हणजे खराब, हे साफ चूक. पुढचे डिस्क पॅड आणि मागच्या ड्रममधले लायनर अशा नावाजलेल्या कारखान्याचे, आपल्याच मॉडेलचे, पक्क्या बिलावर मिळत असतील तर बिनधास्त टाका. फक्त एका ॲक्सलच्या दोन्ही चाकांना एकदमच टाका, नाहीतर गाडी ब्रेकला एका बाजूला ओढते. वॉरंटी चालू असेल तर मात्र कंपनीचेच.

पेडलचा दाब ऑइलमधून चाकापर्यंत नेणारे मास्टर सिलिंडर, व्हील सिलिंडर, त्यांचं रबर किट आणि होज म्हणजे ऑइलची रबरी नळी, यात मी कुणाचंही ऐकत नाही. तिथे कंपनीचाच माल. पॅड संपत आला की आवाज करतो, आधी चार दिवस सांगतो. होज फुटला तर सांगायला वेळच देत नाही.

खरा धोका तिसऱ्या मालाचा आहे, ज्याबद्दल कुणी बोलत नाही: बिननावाचा आणि नकली. पॅड हातात घेऊन त्याची कड बघा. चांगल्या पॅडवर बनवणाऱ्याचं नाव, बॅच नंबर आणि बऱ्याचदा एफएफ, जीजी अशी दोन अक्षरं असतात. पहिलं अक्षर साधारण तापमानाला पकड किती ते सांगतं, दुसरं तापल्यावर किती ते. घाटात आपल्याला दुसऱ्याशी काम आहे. मागे एका दुकानातून आलेला डबा लांबून हुबेहूब होता, पण छपाई पुसट आणि कारखान्याचा पत्ताच नाही. आतल्या पॅडच्या कडेला नखाने खरवडलं तर भुसा हाताला आला. तो माल तसाच परत केला. डब्यावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, एमआरपी, महिना आणि वर्ष नसेल तर उचलूच नका.

नारायणगावच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको, पण १.७ टन माल नेणाऱ्या गाडीत टोमॅटोची २० किलोची ८५ क्रेट झाली की लोड पुरा झाला. त्यावर जे चढतं त्याचा हिशेब कुठल्याच ब्रेकमध्ये धरलेला नसतो. वरून डिझेल वाचवायला न्यूट्रल मारून उतरणारे आहेत. इंजिनचा अडसर गेला की सगळी उष्णता पॅड आणि ड्रमवर येते, मग अस्सल कंपनीचा पॅडही पकड सोडतो. ज्या गिअरला घाट चढता, त्याच गिअरला उतरा.

आणि ब्रेक ऑइल! हजारोंचं काम करून ऑइल तेच जुनं ठेवतात. हे ऑइल हवेतलं पाणी ओढतं. डॉट ३ या प्रतीचं ऑइल नवं असताना निदान २०५ अंशापर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की हीच हद्द १४० वर येते. ऑइल उकळलं की पाइपात वाफ धरते आणि पेडल दाबलं तरी पोकळ जातं. म्हणून सीलबंद डबाच घ्या. गॅरेजच्या कोपऱ्यात झाकण उघडं पडलेल्या डब्यातलं नको. स्टेअरिंगचं ऑइल तर चुकूनही ओतू देऊ नका, त्याने सिलिंडरची रबरं फुगतात.

मिस्त्री ज्याचा आग्रह धरतो त्यात कधीकधी त्याचं कमिशन असतं. त्याचंही पोट आहे, त्याला दोष देत नाही. मजुरी दोन पैसे जास्त द्या, पण पार्ट स्वतः आणा.

काम झालं की जुने पॅड मागून घ्या आणि जोडी शेजारी ठेवून बघा. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा जास्त झिजला असेल तर कॅलिपरची, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाची, पिन किंवा पिस्टन जाम असण्याची शक्यता मोठी. तसं दिसलं तर पिन साफ करून, ग्रीस लावून, पिस्टन तपासून घेतल्याशिवाय गाडी गॅरेजबाहेर काढू नका. नाहीतर नवा पॅडही तसाच जाईल, मग तो कुठल्याही डब्यातला असो.