लॅपटॉपमधला पोटभाडेकरू

परवा भाडं घ्यायला आलेल्या मेहताजींनी काखेतलं पावतीपुस्तक काढलंच नाही. उंबऱ्याबाहेरूनच मान आत घातली, पलंगाखाली दिसेल तेवढं बघून घेतलं आणि मला म्हणाले, "वहिनी, आत कुणाला ठेवलंय म्हणे तुम्ही?"

आमची गिरगावातली पागडीची खोली. दहा बाय पंधरा, त्यातच मोरी, त्यातच पोटमाळा, त्यातच आम्ही तिघं. इथे चौथा ठेवायचा तर त्याला खुंटीला टांगावं लागेल. पण मेहताजी हसत नव्हते. मालकाच्या परवानगीवाचून पोटभाडेकरू घातला तर खोली हातची जाऊ शकते, हे गिरगावातल्या पोराला दात यायच्या आधी कळतं. शेजारच्या दोन दारांतून दोन डोकी बाहेर आली होती. आणि मला लख्ख कळलं, ही काडी तात्यांची.

मूळ भानगड ऑफिसातली. आमचा सिस्टिम बघणारा मुलगा मार्चमध्ये सोडून गेला. त्याच्या जागी माणूस घेण्याऐवजी त्याचं काम प्रसादासारखं वाटून टाकलं आणि अकाउंट्समध्ये एकवीस वर्षं काढलेल्या माझ्या ओंजळीत सर्व्हर पडला. सत्तावीस वर्षांचा साहेब म्हणाला, "मॅडम, घरी एक व्हर्च्युअल मशीन करा, त्यात उबुंटू सर्व्हर टाकून हात बसवा. काही नसतं हो, नेक्स्ट-नेक्स्ट-नेक्स्ट." घरी! म्हणजे माझा लॅपटॉप, माझी वीज, माझा रविवार. पगारात मात्र नेक्स्ट नाही.

तर रविवारी दुपारी भांडी आवरून बसले. उबुंटूची, म्हणजे विंडोजसारख्याच दुसऱ्या एका फुकट सिस्टिमची, अडीच जीबीहून मोठी फाइल रात्रीच उतरवून ठेवली होती. व्हर्च्युअल मशीन उभारून देणारं व्हर्च्युअलबॉक्स चालू केलं, मशीनला नाव दिलं, स्टार्ट दाबलं आणि लाल फुलीसकट निरोप आला की व्हीटी-एक्स बायोसमध्ये बंद आहे. प्रोसेसरच्या अंगात एकाच्या पोटात दुसरं यंत्र चालवायची कुवत असते, पण लॅपटॉप बनवणाऱ्याने ती कुलपात ठेवलेली असते म्हणे. मशीन बंद करून, एफ-टू बडवत बडवत, बायोसच्या, म्हणजे विंडोजच्याही आधी जागं होणाऱ्या सेटिंग्जच्या, निळ्या पडद्यावर जाऊन ते कुलूप काढलं. मुलगा पलंगावरून म्हणाला, "आई, यूट्यूब बघ ना." हा त्याचा हातभार. नवरा नाटकाला गेला होता.

आणि तात्या आले.

तात्या समोरच्या खोलीत राहतात. वय अठ्ठ्याहत्तर, पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा, हातात आमचाच पेपर, जो ते सकाळी नेतात आणि दुपारी शब्दकोडं भरून परत करतात. उभी नोकरी धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात कारकुनीत गेली. मुंबईतल्या घरमालक-भाडेकरूंची भांडणं तिथे चालतात. त्यामुळे तात्यांच्या लेखी जगात दोनच जाती आहेत. एकदा त्यांना डॉक्टरांनी पोटात जंत झालेत म्हणून सांगितलं, तर तात्या म्हणाले, "किती वर्षं कब्जा आहे?"

"काय करतेस गं?"

इथे मी चूक केली. "काही नाही" म्हणायला हवं होतं. मी समजावायला गेले. म्हटलं, "तात्या, हा माझा लॅपटॉप. यात एक विंडोज आहेच. आता त्याच्या आत दुसरं एक खोटं कॉम्प्युटर उभं करायचं. त्याला वाटतं आपण स्वतंत्र आहोत, पण जागा, मेमरी, वीज सगळं ह्याचंच."

तात्यांनी पेपराची घडी घातली. पाट ओढला. बसले.

"म्हणजे पोटभाडेकरू."

"तसंच काहीसं."

"तसंच काहीसं नाही. तसंच. मूळ भाडेकरू विंडोज. मालक तू. याला किती जागा दिलीस?"

"मेमरी आठातली चार." पट्टी सरकवताना हिरवा भाग संपून केशरी लागायच्या आत मी थांबले होते.

"पोटभाडेकरूला निम्मी खोली?" तात्यांनी मुलाकडे पाहिलं, साक्षीला असावं तसं. "आणि नाव काय त्याचं?"

"उबुंटू सर्व्हर २४.०४."

"चोवीस सालचा चौथा दावा."

"नाही हो. वर्ष २०२४, महिना चौथा. एप्रिलमध्ये आलं म्हणून. पाच वर्षं त्याला फुकट अपडेट मिळतात."

"पाच वर्षं? सरळ?" तात्या हळहळले. "अकरा महिन्यांचा करार करायचा असतो गं. पाच वर्षं बसू दिलास तर उठतो का तो? ७३ साली काय झालं ठाऊक आहे ना? १ फेब्रुवारी १९७३ ला जो लायसन्सवर आत बसलेला होता, त्याला कायद्याने भाडेकरूच करून टाकलं. हा तुझा कधी आला?"

"आज. पावणेतीनला."

"मग याला संरक्षण नाही," तात्या म्हणाले, आणि मला खरंच, कशासाठी कोण जाणे, सुटल्यासारखं वाटलं.

एव्हाना काळ्या पडद्यावर पहिला प्रश्न आला होता. भाषा निवडा. यादी उघडली. स्पेनच्या एका कोपऱ्यात बोलतात ती आस्तुरियन आहे, कॅटलान आहे, गॅलिशियन आहे. मराठी नाही. आठ कोटींहून जास्त तोंडं बोलतात, पण त्या काळ्या पडद्याला देवनागरीची जोडाक्षरं झेपत नाहीत म्हणे. मग पडदा बदला ना, भाषा कसली वगळता! पण हे ऐकायला तिथे तात्यांशिवाय कोणी नव्हतं आणि तात्या भिंगातून पुढचा पडदा वाचत होते.

"१०.०.२.१५. हा काय, खोली नंबर?"

"पत्ता आहे त्याचा. नेटवर्कवरचा."

"ह्याच्यावर समन्स पोचेल?"

"नाही. आतून बाहेर जाता येतं, बाहेरून आत थेट येता येत नाही. मुद्दाम दार ठेवावं लागतं. माझ्या लॅपटॉपच्या २२२२ नंबरवर कोणी आलं तर त्याच्या २२ नंबरला पाठवायचं, असं."

"म्हणजे बेल मालकाच्या दारावर मारायची आणि हाक मागच्या खोलीत द्यायची. आपल्याकडेही पत्र असंच लिहायचे. 'अमक्याच्या बिऱ्हाडी, तमक्यास मिळे.'" हे मात्र बरोबर होतं. ऑफिसने दिलेल्या चौतीस पानी पीडीएफमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग इतकं नीट मला कुठे सापडलं नव्हतं. त्या पीडीएफचा लेखक असं धरून चालतो की आपल्याला सगळं येतं, फक्त आता आठवत नाहीये.

पुढे प्रॉक्सी, मिरर, काय काय. रिकामं सोडून एंटर. मग जागेचं पान. मी डन करणार, तोच तात्यांनी माझं मनगट धरलं.

"थांब. एकूण किती दिली होतीस?"

"पंचवीस जीबी."

"इथे साडेअकरा लिहिलंय."

खरंच लिहिलं होतं. दोन जीबी बूटला आणि उरलेल्या तेवीसातली निम्मीच वापरात, बाकी निम्मी 'फ्री स्पेस' म्हणून पडून. पुढे कधी वाढवायला, स्नॅपशॉट (आहे त्या स्थितीची नक्कल) घ्यायला हाताशी असावी म्हणून हा इन्स्टॉलर एवढ्या डिस्कवर मुद्दाम अर्धी जागा राखून ठेवतो, हे मला रात्री कळलं. दुपारी मी म्हटलं, "असेल तसंच. राहू दे."

"राहू दे? निम्मी खोली कुलूप लावून ठेवायची? मुंबईत?" तात्यांचा आवाज थरथरला. "अगं, लोक गॅलरीत संसार करतात!"

मी वैतागून डन केलं. नाव, पासवर्ड, दुसऱ्या मशीनवरून आत शिरायचं एसएसएच, डन, डन. मग अक्षरं धावत राहिली, धावत राहिली. मी कुकर लावला. तात्यांनी चहा मागितला नाही, पण कपबशीकडे दोनदा पाहिलं. तासाभराने निरोप आला की इन्स्टॉलेशनचं माध्यम बाहेर काढा आणि एंटर दाबा. काय बाहेर काढू? आत काही घातलंच नव्हतं. तात्या लॅपटॉपच्या कडा चाचपून बघायला लागले. मी नुसतं एंटर दाबलं, आणि मशीन नव्याने उठून काळ्यावर पांढरं 'लॉगिन' लिहून लुकलुकत उभं राहिलं.

"आता चित्र येईल," तात्या म्हणाले.

"चित्र नसतं, तात्या. सर्व्हर आहे."

"एवढं करून एवढंच?"

माझ्याही मनात नेमकं हेच आलं होतं, म्हणून जास्त राग आला. नाव टाकलं. पासवर्ड टाकला. इथे पासवर्ड टाकताना ठिपके नाहीत, चांदण्या नाहीत, काहीच उमटत नाही. आंधळ्याने सुईत दोरा ओवावा तसं. चूक. पुन्हा चूक. सहा वेळा. बहुधा पहिल्यांदा ठरवतानाच कॅप्स लॉक अर्ध्यात लागला होता. मुलगा म्हणाला, "आई, रिकव्हरी मोड असतो ना." मी म्हटलं, "तू यूट्यूब बघ."

आणि सगळं पहिल्यापासून. दुसरं मशीन, दुसरं नाव, तोच रविवार. खरं सांगते, तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं. उबुंटूचं काही नाही हो त्यात. शेचाळिसाव्या वर्षी नवीन शिकायला माझी ना नाही. पण शिकायला वेळ द्या, माणूस द्या, निदान ऑफिसचं मशीन द्या. नेक्स्ट-नेक्स्ट म्हणणाऱ्याने स्वतः किती वेळा बॅक दाबलं होतं, ते कोण सांगणार?

दुसऱ्या खेपेला तात्यांच्या हुकमाने सगळी जागा भरली. साडेअकराचे तेवीस केले. नेटवर्कच्या पानावर तात्या ओरडले, "पहिल्याचाही हाच पत्ता होता!" होताच. व्हर्च्युअलबॉक्सच्या नेहमीच्या पद्धतीत प्रत्येक मशीनला आपापली वेगळी गल्ली मिळते आणि प्रत्येक गल्लीत घर नंबर तोच. तात्यांना हे अजिबात पटलं नाही. बोगस भाडेकरूंचा हा जुना प्रकार असल्याचं त्यांनी बजावलं.

या वेळी लॉगिन झालं. घड्याळात सात-चाळीस. सर्व्हरला वेळ विचारली तर दोन-दहा सांगतो. "हा अजून जेवून आडवा झालाय," तात्या म्हणाले. त्याला आपल्या वेळेवर आणायचं तर लिहावं लागतं एशिया, तिरपी रेघ, कोलकाता. मुंबई नाहीच यादीत. तात्यांनी खिन्नपणे मान हलवली. देशभर एक वेळ १९०६ साली ठरली, पण मुंबईने एकोणचाळीस मिनिटं मागे असलेली आपली वेळ १९५५ पर्यंत सोडली नव्हती. तात्यांच्या वडिलांना म्हणे घरातून निघताना कुठली वेळ धरायची, हे रोज ठरवावं लागे. "आणि आता कोलकाता," तात्या म्हणाले. मी कोलकाता टाइप केलं. काय करणार?

यादीत आता दोन मशीनं होती. एक चालू, एक पासवर्ड हरवलेलं. मी त्या पहिल्यावर राइट क्लिक केलं. रिमूव्ह. डिलीट ऑल फाइल्स. गेलं.

"काय केलंस?"

"काढलं त्याला. नको होता ना."

"काढलं म्हणजे?"

"म्हणजे गेला. जागा मोकळी झाली."

"नोटीस?"

"नाही."

"दावा, तारीख, अपील?"

"नाही हो तात्या. राइट क्लिक."

तात्यांनी चष्मा काढला, लेंग्याला पुसला, पुन्हा लावला. निकाल लागेपर्यंत वादी-प्रतिवादी दोघंही वारलेले दावे त्यांनी स्वतःच्या हाताने नोंदवले होते. कुकरची वाफ गेली, गॅलरीत कुणीतरी बादली ओढत नेली, तरी ते त्या पडद्याकडेच बघत होते.

"पुन्हा दाखव," तात्या म्हणाले.

आणि यादीत आता एकच नाव उरलं होतं.