‘माझ्याकडे बघ’ म्हणणाऱ्या सरांना उत्तर

सर, नमस्कार. उत्तराला आठ दिवस लागले कारण तुमची कमेंट मनाला लागली होती आणि तेव्हाच लिहायला बसले असते तर नुसतं भांडण झालं असतं.

बाकीच्यांसाठी थोडक्यात. मागच्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं की ऑटिझम असलेल्या मुलांना चेहरा वाचता येत नाही आणि त्यांना ‘डोळ्यात बघ, डोळ्यात बघ’ करून दामटू नका. सरांचं म्हणणं, मी आईबापांना ढिलं सोडायला शिकवतेय, त्यांनी तीस वर्षं वर्गात पोरांना समोर बघायला लावलं म्हणून ती शिकली, आणि जे पोरगं नजरच देत नाही त्याला दुसऱ्याचं सुखदुःख कळणार कसं? शेवटी त्यांनी नातवाबद्दल विचारलंय, त्यावर येतेच.

आधी तुमचं बरोबर आहे ते. ‘चेहरा वाचता येत नाही’ हे मी सरसकट लिहून टाकलं, ती माझी चूक. सगळी मुलं सारखी नसतात. काही जणांना स्वतःच्याच मनात काय चाललंय, राग की भीती, तेच ओळखता येत नाही, याला अलेक्सिथायमिया म्हणतात. २०१३ मध्ये जेफ्री बर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की चेहऱ्यावरचे भाव ओळखायला जड जातं ते ऑटिझमपेक्षा या अलेक्सिथायमियामुळे. म्हणजे ऑटिझम आहे आणि भाव व्यवस्थित ओळखता येतात अशीही मंडळी आहेत. पोस्ट दुरुस्त केलीय.

पण नजर देत नाही म्हणून कळत नाही, हे मात्र मला अजिबात मान्य नाही सर.

माझ्या लेकाचं सांगते, त्यालाही ऑटिझम आहे, नऊ वर्षांचा आहे. त्याचे बाबा अंबडला कंपनीत आहेत, सेकंड शिफ्ट करून आले की हेल्मेट फ्रीजवर ठेवतात. डोकं तापलेलं असेल त्या दिवशी ते दारातच खाली ठेवलं जातं, हे मला लग्नाला बारा वर्षं होऊन कधी दिसलं नव्हतं, याला दिसलं. हेल्मेट खाली दिसलं की हा गुपचूप टीव्हीचा आवाज कमी करतो, बाबांच्या तोंडाकडे एकदाही न बघता. सासूबाईंचा गुडघा दुखायला लागला तेव्हा आम्हा कुणाच्या लक्षात यायच्या आधी त्याने त्यांच्यासाठी स्टूल सरकवलं, का तर ‘आजी एक पाय घासतेय’.

चुकतं तेही सांगते. माझ्या धाकट्या बहिणीच्या पाठवणीला ती रडत रडत हसत होती, तर हा तिच्यासमोर उभा राहून मोठ्यांदा विचारतो, मावशीचं तोंड हसतंय मग डोळ्यातून पाणी का येतंय? सगळे बघायला लागले. त्याने तोंड वेगळं बघितलं, डोळे वेगळे बघितले, दोन्ही बरोबर बघितले, पण त्यांची मोट बांधता आली नाही. मला वाटतं, आपल्याला जे एका झटक्यात कळतं ते त्याला तुकड्या-तुकड्यांनी जोडावं लागतं, आणि जोडेपर्यंत समोरच्याचा चेहरा बदललेला असतो.

आपण नाशिककर पुरात काय करतो सांगा. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं हा आकडा ऐकतो, पण विचारतो काय, तर पाणी गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत आलं? गुडघ्याला, कमरेला की छातीला? तेवढ्यावर सराफ बाजारातले लोक माल वर हलवायला घेतात. माझ्या लेकाचा दुतोंड्या मारुती म्हणजे ते हेल्मेट.

संशोधनही हेच सांगतं. २००२ मध्ये अमी क्लिन, वॉरन जोन्स वगैरे मंडळींनी ऑटिझम असलेल्या १५ मुला-तरुणांना सिनेमातले प्रसंग दाखवून त्यांची नजर कुठे कुठे जाते ते मोजलं. ती डोळ्यांकडे कमी बघत होती, ओठ, अंग आणि वस्तूंकडे जास्त. यातली पुढची गोष्ट फार कुणी सांगत नाही. त्या मुलांमध्ये जी ओठांकडे जास्त बघत होती ती लोकांत वावरायला जास्त सरावलेली होती, डोळ्यांकडे किती बघतात यावरून तसं काही सांगता येत नव्हतं. मग आपण डोळ्यांचाच हट्ट कशाला धरायचा?

आणि त्या हट्टाची किंमत मी मोजलीय. लेक चार वर्षांचा असताना एका थेरपीत त्याची हनुवटी धरून तोंड वर करायचे, बघितलं की एक जेम्सची गोळी. मी शेजारी बसून टाळ्या वाजवायचे. दोन महिन्यांत तो गोळी दिसली की डोळे मिटून तोंड पुढे करायला लागला. तेव्हा मला हे माहीत नव्हतं की विस्कॉन्सिन विद्यापीठात २००५ मध्ये मेंदूचं स्कॅनिंग करून बघितलं होतं, आणि ऑटिझम असलेली मुलं डोळ्यांकडे जितका जास्त वेळ बघत होती तितका त्यांच्या मेंदूतला अमिग्डाला, म्हणजे धोक्याची घंटा वाजवणारा भाग, जास्त पेटत होता. नजर अंगावर येते सर त्यांच्या. हनुवटी धरल्याचं मला आजही वाईट वाटतं.

शिवाय आपल्याकडे मोठ्यांसमोर ‘डोळे वर करून बोलू नकोस’ हेही आपणच शिकवतो ना? तिथे नजर खाली म्हणजे संस्कार, आणि या मुलांची खाली गेली की प्रॉब्लेम.

आता नातू. पाच वर्षांचा, पुण्याहून दिवाळीला येतोय आणि तुमच्याकडे बघतच नाही म्हणून तुमच्या जिवाला लागलंय, ते तुमच्या शब्दांत दिसलं मला. समोर बसू नका, शेजारी बसा, झोपाळा असेल तर उत्तमच. जे वाटतंय ते तोंडाने सांगा, ‘तू आलास म्हणून आजोबांना आनंद झालाय’, इतकं साधं, आणि उत्तराची घाई करू नका. तो तुमच्या काठीकडे, घड्याळाकडे, हातावरच्या शिरांकडे बघेल. बघू दे. आणि कशाकडे बघत होता ते मला नक्की कळवा.