हो, तिला एवढंच येतं. मग?

रात्रीचे साडेअकरा होऊन गेलेत, उद्या सकाळची ड्युटी आहे, पण हे लिहून मोकळा झाल्याशिवाय झोप लागायची नाही.

संध्याकाळी पथकाच्या सरावाला गेलो होतो. गणपती तोंडावर आलेत, त्यामुळे बेळगावात सध्या कुठल्याही गल्लीत जा, मोकळी जागा दिसली की तिथं ढोल ताणायला घेतलेले. आमच्या नव्या पोरांनी आज एक वेगळीच गंमत केली. ढोलांनी साधा ठेका धरला, ताशे गप्प केले आणि सगळ्यांनी मिळून तोंडानं चाल लावली. पोऽ, पो पो पो पो, पोऽ, पोऽ. फुटबॉल बघणाऱ्यांना पुढं सांगायला नको. 'सेव्हन नेशन आर्मी'. द व्हाइट स्ट्राइप्स नावाच्या, अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या दोनच माणसांच्या बँडचं, 2003 सालचं गाणं. गिटारवर जॅक व्हाइट, ड्रमवर मेग व्हाइट. यातल्या अर्ध्या पोरांचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता. हे गाणं कुणाचं म्हणून विचारलं तर एकजण म्हणाला, "गाणं कुठलं? मॅचचं हाय की ते." मला इतकं आवडलं हे उत्तर! व्हिडिओ काढला आणि हौसेनं वर्गमित्रांच्या ग्रुपवर टाकला.

तिथंच चुकलं म्हणायचं. दोन मिनिटांत आमच्यातल्या एका गिटारवाल्याचं उत्तर आलं. गाणं भारी आहे, जॅक व्हाइट बाप माणूस आहे, पण ती ड्रमवाली? तिला वाजवताच येत नाही, नवऱ्याच्या पुण्याईवर बँडमध्ये होती. खाली हसऱ्या तोंडांची रांग. नंतर दुसरा म्हणतो, खरंय, तिला एवढंच येतं, धप धप धप.

'तिला एवढंच येतं.' हे वाक्य मी अगदी याच शब्दांत आधी ऐकलेलं आहे, आणि ते डेट्रॉइटच्या बाईबद्दल नव्हतं.

माझी आतेबहीण. वयानं मोठी, म्हणून आम्ही सगळे आक्का म्हणायचो. आमच्या पथकात पोरी झांज घेत, ध्वज घेत, लेझीम घेत. ढोल घेणारी ती पहिली. कमरेला एवढं ओझं बांधून रात्रभर चालायचं म्हटल्यावर घरात आधी रडारड झाली, मग अबोला, मग परवानगी. तिच्या वाजवण्यात नखरा म्हणून नव्हता. उड्या नाहीत, गिरक्या नाहीत, टिपरू हवेत फेकून झेलणं नाही. उजव्या हाताचा ठोका, डाव्याची थाप, बास. मी तेव्हा शाळकरी होतो, तिच्या मागच्या ओळीत झांज घेऊन उभा असायचो, आणि चुकलो की तिच्या उजव्या कोपराकडं बघायचो. कोपर बघितलं की ठेका सापडायचा.

आक्काचं पुढं सांगतो, आधी त्या गाण्याचं. गिटारवाल्या दोस्ताला त्यातलं अर्धंच माहीत आहे असं दिसतंय.

ती चाल जॅकला सुचली 2002च्या जानेवारीत, ऑस्ट्रेलियात मेलबर्नला, कार्यक्रमाआधी साउंडचेक चालू असताना. सोबतच्या एका माणसाला वाजवून दाखवली तर तो म्हणाला, ठीक आहे. बास, ठीक आहे! कधी जेम्स बाँडच्या पिक्चरचं गाणं करायला मिळालं तर वापरू, म्हणून जॅकनं ती बाजूला ठेवायचं मनात घेतलं होतं. मग बाँडचं कशाला, आपणच वापरू म्हणून 'एलिफंट' या अल्बममध्ये घातली. तो अल्बम लंडनच्या एका लहानशा स्टुडिओत झाला, जुन्या मशिनींवर, आठ ट्रॅकवर, कॉम्प्युटरला हात न लावता. ऐकताना सगळ्यांना वाटतं की सुरुवातीला बेस गिटार आहे. बँडमध्ये बेस वाजवणारा माणूसच नव्हता! साध्या गिटारचाच आवाज पेडलनं एक सप्तक खाली उतरवलाय. कंपनीला हे गाणं सिंगल म्हणून, म्हणजे अल्बममधनं सुटं, काढायचंच नव्हतं, दुसरं काढा म्हणत होते. जॅक अडून बसला म्हणून निघालं. पुढच्या वर्षी त्याच गाण्याला उत्कृष्ट रॉक गाण्याचं ग्रॅमी.

आता त्यात मेग काय करते ते ऐक. हेडफोन लाव आणि नीट ऐक. पहिल्यांदा नुसती चाल येते. मग ती आत येते, पायानं आणि हातानं, एकसारखा ठोका. धप, धप, धप, धप. शब्द असलेलं धृपद या गाण्यात नाहीच. कडवं संपलं की ती चालच मोठ्यानं येते, तेच धृपद, आणि त्या वेळी मेग झांजा फोडते. मग पुन्हा खाली, पुन्हा धप धप. तिनं मधे कुठं आपली करामत दाखवली असती, एक तर्री जरी जास्त मारली असती, तर पन्नास हजार लोकांना ते गाणं एकत्र म्हणता आलं असतं काय? कुठं टाळी द्यायची, कुठं पाय आपटायचा ते त्या बाईनं जागा सोडून ठेवल्यामुळं कळतं.

आणि लोकांनी म्हटलं ते कसं? कुणी जाहिरात केली नव्हती. 2003च्या ऑक्टोबरात बेल्जियमच्या क्लब ब्रुग या फुटबॉल टीमचे पाठीराखे मॅचसाठी मिलानला गेले होते. मॅचच्या आधी बारमध्ये हे गाणं लागलं, त्यांनी ते उचललं. त्या रात्री ब्रुगनं एसी मिलानला त्यांच्याच मैदानावर 1-0 हरवलं. मग काय, चाल घेऊनच घरी गेले. पुढं 2006मध्ये इटलीतली रोमाची टीम ब्रुगला खेळायला आली, तिथून ती इटलीत गेली, आणि त्याच उन्हाळ्यात इटलीनं वर्ल्डकप जिंकला तेव्हा अख्खा देश पो पो पो करत रस्त्यावर. त्यातल्या कितीजणांना मेग व्हाइट माहीत असेल? पण पाय आपटत होते ते तिच्याच ठोक्यावर.

कॅम्पातल्या मैदानावर मॅच बघायला जाणाऱ्यांना विचारा. तिथं मराठी, कन्नड, उर्दू, कोंकणी सगळी पोरं एका कठड्यावर बसलेली असतात. आपल्या गावात घोषणा म्हटली की आधी भाषा विचारतात. कुठल्या चौकात कुठली घोषणा द्यायची याचा हिशेब लहान पोरालाही पाठ असतो. ही चाल मात्र मी त्या कठड्यावर सगळ्यांच्या तोंडून एकदमच ऐकलीय. शब्दच नाहीत तर भांडायचं कशावरून? (भांडणारे तरी काहीतरी काढतील म्हणा, आपल्याकडे त्यात हयगय नाही.)

सरावाला आलेल्या एका तात्यांचाही आक्षेप होता. विसर्जनाच्या मिरवणुकीत इंग्रजी गाण्याची चाल कशाला, आपले ताल कमी पडले काय? बरं तात्या, यात तथ्य आहे. आपले ताल आहेत, हलगी आहे, आणि पोरांना ते आधी आले पाहिजेत. पण याच मिरवणुकीत मागच्या डीजेवर जे वाजतं त्याला तुम्ही कधी अडवलं नाही, म्हणून मी तुमचं एवढंच ऐकणार.

तर आक्का.

बेळगावची शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक ज्यांनी बघितलीय त्यांना वैशाखातली ती रात्र सांगायची गरज नाही. अख्खं गाव, आणि खानापूर-निपाणीकडनं आलेली माणसं, सगळी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, गच्चीवर, कट्ट्यावर. त्या वर्षी मध्यरात्र उलटल्यावर आम्ही रामलिंगखिंड गल्लीच्या तोंडाशी होतो आणि वळीव आला. ढोलांची पानं भिजली, ढोल बसले, आवाज फुटेना. मागं दुसऱ्या मंडळाचा डीजे, त्याचा ठोका आमच्यापेक्षा जलद. पुढचे ताशे एका लयीत, मागचे ढोल डीजेच्या नादानं दुसऱ्याच लयीत. पथक मधोमध फाटलं. जे गिरक्या घेणारे, टिपरू फेकणारे गडी होते ते एकमेकांकडं बघायला लागले. आक्कानं काय केलं? काहीच नाही. जे वाजवत होती तेच वाजवत राहिली. ना जलद, ना सावकाश. ओल्या पानावर, पूर्ण हात उचलून. आधी तिच्या शेजारचा तिच्यावर आला, मग ती ओळ, मग आम्ही झांजवाले, आणि टिळक चौक येईपर्यंत ताशेसुद्धा मुकाट मागं आले.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो कुणाचा? ताशेवाल्याचा. हवेत उडी मारलेला. फोटो चांगला होता, ते नाकारत नाही.

आणि पुढच्या हंगामात ओळी ठरवताना पथकातला एक मोठा माणूस सगळ्यांसमोर म्हणाला, "तिला एवढंच येतं, मागं उभी करा." आक्का काही बोलली नाही. कमरेचा पट्टा सोडला, ढोल भिंतीला टेकवला, टिपरू त्यावर ठेवलं आणि घरी गेली. परत आलीच नाही. आज ती हुबळीला असते, दोन पोरांची आई. मिरवणुकीच्या दिवसात गावी येते, पण गच्चीवरनं बघते, खाली उतरत नाही.

म्हणून माझं डोकं फिरलं त्या ग्रुपवर. 2007मध्ये द व्हाइट स्ट्राइप्सनी दौरा मधेच रद्द केला, कारण मेगला चिंतेचा त्रास असह्य झाला होता. त्यानंतर बँड जवळजवळ थांबलाच, 2011मध्ये अधिकृतपणे संपला. तेव्हापासून ती बाई ना मुलाखत देते, ना स्टेजवर येते. वर्षानुवर्षं 'हिला वाजवता येत नाही' हे ऐकून घेतल्यावर माणूस कुठं जाणार? आता तुम्ही म्हणाल, तिच्या मनातलं तुला काय माहीत. नाही माहीत. आक्काच्या मनातलंही ती सांगत नाही. पण बोलणारे कोण होते ते मला माहीत आहे.

गंमत बघा, तिनं काठ्या ठेवून इतकी वर्षं झाली तरी लोकांचं तोंड बंद नाही. 2023मध्ये एका अमेरिकन पत्रकारानं ट्विटरवर तेच उगाळलं, ड्रमर बरा असता तर बँड कुठल्या कुठं गेला असता म्हणे. सगळीकडनं धुतल्यावर त्यानं माफी मागितली. जॅकनं भांडण न करता तिच्यासाठी एक कविता टाकली. आणि 2025मध्ये या दोघांना रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं तेव्हा मेग आलीच नाही. जॅक एकटा स्टेजवर, आणि सांगत होता की तिच्याशी बोललो, येता आलं नाही म्हणून तिला वाईट वाटतंय. ते बघताना माझा आवाज बसला होता, खोटं कशाला बोलू. त्याला नवरा म्हणणाऱ्यांनो, तो तिचा घटस्फोटित नवरा आहे. 2000 सालीच वेगळे झाले होते दोघं. हे गाणं त्यानंतरचं. पुण्याई कुठली काढता?

हां, मेगपेक्षा तयारीचे हात असलेले ड्रमर हजार निघतील, हे मान्य. आमच्या पथकातही आक्कापेक्षा तयार हात होते. त्या रात्री ते काय करत होते ते वर लिहिलंय.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच. 2007च्या त्याच वर्षी, दौरा रद्द होण्याआधी, हा बँड कॅनडाच्या अगदी टोकाला न्यूफाउंडलंडमध्ये सेंट जॉन्सला गेला आणि तिथं रस्त्यावर जमलेल्या गर्दीसमोर फक्त एक स्वर वाजवून खाली उतरला. एक! जॅकनं एकदा गिटार छेडली, मेगनं एकदा झांज मारली, कार्यक्रम संपला. लोक खूश. आमच्याकडं असं केलं तर वर्गणी परत मागतील, पण ते असो. एकाच ठोक्यावर उभं राहायला जी छाती लागते ती त्या बाईकडं होती.

लिहिता लिहिता राग उतरलाय थोडा. मगाशी आक्काला पोरांचा व्हिडिओ पाठवला. तिनं बघितला आणि उत्तर काय, तर "तिसऱ्या ओळीतला डावीकडचा पुढं पळूलालाय, त्याला सांग." मी परत लावून बघितला. पळत होता की खरंच!

तर गिटारवाल्या दोस्ता आणि हसरी तोंडं टाकणाऱ्या सगळ्यांनो, रविवारी संध्याकाळी सराव आहे. या. ढोल मी देतो, पट्टा मी बांधतो. अर्धा तास नुसता साधा ठेका धरायचा, एकदाही पुढं न पळता, एकदाही मागं न राहता, आणि शेजारी दोन ताशे मी मुद्दाम तुला चकवायला उभे करणार. जमलं तर मेग व्हाइटवर काय बोलायचं ते बोल, मी ऐकून घेतो. नाही जमलं तर पथकाला चहा तुझ्याकडनं. आमच्यात पोरं भरपूर आहेत, खिशात पैसे घेऊन ये.