आधी कटर, मग अक्कल

हातात लोखंड कापायचा ग्राइंडर आला की माणूस बाईकला नवं रूप देणारा ‘कस्टम बिल्डर’ होतो, असा काही जीआर निघालाय का? कॅफे रेसर, म्हणजे खाली वाकून चालवायची छाटलेली बाईक, करायला दिलेल्या माझ्या जुन्या येझ्दी रोडकिंग मोटरसायकलची सध्याची अवस्था बघता निघाला असावा. बोर्ड लावायचा, इन्स्टावर फोटो टाकायचे आणि पहिल्याच दिवशी, टेपने माप न घेता, चेसिसची (गाडीच्या सांगाड्याची) शेपटी उडवायची. झाला कॅफे रेसर!

कापायला यांना अर्धा तास पुरतो. जोडायला मात्र गणपती जातात, दसरा जातो, दिवाळी जाते. “दादा, पेंटरकडे गेलीये.” पेंटर म्हणतो, अजून आलीच नाही. मग लेथवाला गावाला जातो. मग फोनच उचलत नाहीत. अ‍ॅडव्हान्स घेताना मात्र चहात साखर किती, हेसुद्धा विचारलं होतं.

बरं, उशीर एकवेळ सोडा, काम तरी धड करा! येझ्दीची किक आणि गियर एकाच दांडीवर. दांडी उभी करून किक मारायची, गाडी चालू झाली की तीच पुढे पाडून गियर टाकायचे. हे शेंबड्या पोरालाही माहीत. आता फुटरेस्ट मागे नेले की पाय मागे आणि गियर पुढे, म्हणजे दोघांना जोडणाऱ्या दांड्यांचं लिंकेज आलं, आणि ते किकच्या वेळी आडवं येता कामा नये. हा विचार फुटरेस्ट वेल्ड करण्याआधी करतात की नंतर? साहेबांनी नंतर केला आणि मलाच विचारलं, “मग गियरचं काय करायचं?” तू सांग ना, पैसे तू घेतलेस!

सायलेन्सरचं तर विचारूच नका. दोन्ही काढून सरळ नळ्या लावल्या, वर पांढरी पट्टी गुंडाळली. अरे, टू-स्ट्रोक आहे ती! तिचा सायलेन्सर नुसता आवाज दाबत नाही. त्यातून परत फिरणारी दाबाची लाट ताजं पेट्रोल-हवेचं मिश्रण सिलिंडरबाहेर निसटू देत नाही. तो गेला की ताकद गेली, उरला ठणाणा. त्यात एअर फिल्टरचा डबा काढून चिनी पॉड फिल्टर खोचला आणि कार्ब्युरेटरमधला पेट्रोल सोडणारा जेट तोच ठेवला. हवा जास्त, पेट्रोल कमी, इंजिन तापून लाल, पिस्टन सीझ, म्हणजे जागीच जाम. म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला, पार्ट काय याचा मामा देणार? पुण्याची नाना पेठ पालथी घालायची मी.

शॉकअपच्या वरच्या बोल्टपाशी बोट फिरवून बघा. वेल्डिंग कबुतर शिटल्यासारखं, वर पुटी, त्यावर काळा रंग. माझं सगळं वजन त्यावर! हँडल पूर्ण वळवलं की अंगठा टाकीत चिमटतो. सीट म्हणजे प्लायवर बोटभर फोम. लंडनच्या एस कॅफेवर जमणारी १९५०-६०च्या दशकांतली पोरं, म्हणजे मूळचे कॅफे रेसर, हँडल खाली न्यायची ती वारा कमी लागावा म्हणून. त्यांना वेग हवा होता. आमच्या बिल्डरला तपकिरी रेक्झिन हवं.

आणि वर, “आरटीओचं टेन्शन घेऊ नका, मी आहे ना!” तू आहेस रे, पण आरसीवर नाव माझं आहे. कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत फेरफार चालणार नाहीत, हे सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्येच सांगितलंय. मोटार वाहन कायद्यातल्या त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बेकायदा बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. मागे माणूस बसणार असेल तर निम्मं चाक झाकणारं साडीगार्ड लागतं. पंधरा वर्षांवरची गाडी दर पाच वर्षांनी तपासणीला न्यावी लागते, म्हणून मूळ सामान जपून ठेव असं बजावलं होतं. सायलेन्सर, मडगार्ड, साडीगार्ड, सगळं. काय केलं त्याचं? “जागा अडत होती दादा, भंगारवाल्याला दिलं.” मूळ रोडकिंगचे सायलेन्सर! किलोच्या भावाने!

काल तोंड वर करून त्याचाच फोन. शोमध्ये ठेवायला गाडी पाहिजे, त्याचं नाव होईल. म्हटलं, गाडी चालू होत नाही.

“चालायची गरजच नाही दादा, टेम्पोत टाकून नेऊ. भाडं तेवढं तुम्ही बघा.”