तीनदा दुसरे आल्याने आर्सेनल कच खाणारा संघ ठरत नाही

प्रीमियर लीग या इंग्लंडमधल्या अव्वल फुटबॉल लीगचा २०२५-२६ चा हंगाम तोंडावर आला असताना (ऑगस्ट २०२५) आर्सेनल या लंडनच्या संघाविषयी एक मत फुटबॉलप्रेमींमध्ये जोरात फिरत आहे. त्याचा आशय थोडक्यात असा : सलग तीन हंगाम दुसऱ्या क्रमांकावर थांबलेला हा संघ ऐन वेळी कच खातो, त्याला खेळातून गोल करता येत नाहीत, म्हणून तो कॉर्नरवर जगतो, प्रशिक्षक मिकेल आर्टेटा यांनी अफाट पैसा खर्चूनही २०२० च्या एफए कपनंतर एकही मोठा करंडक आणलेला नाही, मँचेस्टर सिटी ढासळली त्या वर्षीही संधी साधता आली नाही, आणि दरम्यान शेजारच्या टॉटनहॅमने युरोपा लीग जिंकून दाखवली. म्हणून यंदाही वेगळे काही घडणार नाही, असा त्याचा शेवट असतो. मी आर्सेनलचा समर्थक आहे आणि यातल्या ज्या गोष्टी खऱ्या आहेत त्या नाकारण्याची माझी इच्छा नाही. माझा आक्षेप त्यांवरून काढलेल्या निष्कर्षाला आहे, कारण त्यात तीन अगदी वेगळ्या हंगामांना एकच कारण चिकटवलेले आहे, आणि दुखणे चुकीचे ओळखले की उपायही चुकीचा सुचवला जातो.

आधी २०२२-२३ चा हंगाम पाहू, कारण कच खाल्ल्याचा आरोप मुळात तिथून सुरू झाला. १ एप्रिल २०२३ रोजी लीड्सला ४-१ असे हरवल्यावर आर्सेनलचे २९ सामन्यांत ७२ गुण झाले होते. उरलेल्या ९ सामन्यांत संघाने ३ जिंकले, ३ बरोबरीत सोडवले आणि ३ गमावले. म्हणजे २७ पैकी फक्त १२ गुण मिळवले. लिव्हरपूल आणि वेस्ट हॅम या दोघांविरुद्ध दोन-दोन गोलांची आघाडी हातची गेली, आणि घरच्या मैदानावर तळाच्या साउदॅम्प्टनशी ३-३ अशी बरोबरी झाली. ही घसरण होती, यात वाद नाही. मात्र १६ मार्चला स्पोर्टिंग लिस्बनविरुद्धच्या एकाच सामन्यात विल्यम सालिबा आणि ताकेहिरो तोमियासू हे दोन्ही बचावपटू जायबंदी झाले आणि हंगाम संपेपर्यंत परतले नाहीत, हे सांगितल्याशिवाय ती घसरण समजत नाही. आदल्या हंगामात पाचवा आलेला आणि लीगमधल्या सर्वांत तरुण संघांत गणला जाणारा हा चमू मुख्य बचावपटूंना पर्याय नसताना अशा सिटीशी झुंजत होता, जिने त्या वसंतात लीगमधले सलग १२ सामने जिंकले आणि हंगामाअखेर तिन्ही मोठे करंडक उचलले. हे अपयश पुरेसे राखीव खेळाडू नसलेल्या संघाचे होते. त्याला भित्रेपणा म्हणणारे सालिबाच्या दुखापतीचा उल्लेखही करत नाहीत, हे मला खटकते.

दुसऱ्या वर्षी, म्हणजे २०२३-२४ मध्ये, कच खाल्ल्याचा आरोप टिकतच नाही. आर्सेनलने त्या हंगामात ३८ पैकी २८ सामने जिंकले, ९१ गोल केले, फक्त २९ स्वीकारले आणि ८९ गुण मिळवले. सिटीचेही विजय २८ च होते. तिचे गुण ९१ झाले ते दोन बरोबऱ्या जास्त आणि दोन पराभव कमी असल्यामुळे. नव्या वर्षातल्या १८ लीग सामन्यांपैकी आर्सेनलने १६ जिंकले, सिटीच्या मैदानावर ०-० अशी बरोबरी साधली आणि एकच सामना गमावला, तो १४ एप्रिलला ॲस्टन व्हिलाविरुद्ध. दडपणाखाली कोसळणारा संघ त्या पराभवानंतर कोसळायला हवा होता. त्यातच तीन दिवसांनी म्युनिकमध्ये बायर्नविरुद्ध चॅम्पियन्स लीगमधले आव्हानही संपले. त्यानंतर लीगमध्ये काय झाले, ते क्रमाने सांगतो : वुल्व्हसवर २-०, चेल्सीवर ५-०, टॉटनहॅमच्या मैदानावर ३-२, बोर्नमथवर ३-०, मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर १-० आणि शेवटच्या दिवशी एव्हर्टनवर २-१ असे सहाच्या सहा विजय. सिटीने अखेरचे ९ सामने ओळीने जिंकले म्हणून करंडक तिकडे गेला. २००३-०४ च्या ज्या आर्सेनल संघाने एकही सामना न गमावता विजेतेपद मिळवले, त्याचे गुण ९० होते. त्यापेक्षा एकच गुण कमी मिळवणाऱ्या आणि दुसरा पर्यायच नसताना शेवटचे सगळे सामने जिंकणाऱ्या संघाला हिंमत नव्हती असे म्हणणाऱ्याने ते सहा सामने पाहिलेले नसावेत, असेच मला वाटते.

या आरोपपत्रातला सर्वांत वजनदार मुद्दा तिसऱ्या वर्षाचा आहे आणि त्याला घाईने उत्तर देणे योग्य होणार नाही. २०२४-२५ मध्ये सिटी ७१ गुणांवर तिसरी आली. लिव्हरपूलने ८४ गुणांवर विजेतेपद मिळवले. आदल्या वर्षीचे ८९ गुण आर्सेनलने पुन्हा मिळवले असते, तर करंडक उत्तर लंडनमध्ये आला असता. प्रत्यक्षात गुण ७४ झाले. १५ गुणांची ही घट खरी आहे आणि ती मला आदल्या दोन्ही वर्षांपेक्षा अधिक बोचते, कारण या वेळी दार उघडे होते.

पण ही घट कशी झाली? आर्सेनलने त्या हंगामात फक्त ४ सामने गमावले, विजेत्या लिव्हरपूलइतकेच. गोल स्वीकारले ३४, लीगमध्ये सर्वांत कमी. लिव्हरपूलने ४१ स्वीकारले होते. फरक पडला तो १४ बरोबऱ्यांमुळे आणि त्यामागच्या गोलांच्या दुष्काळामुळे. आदल्या वर्षीचे ९१ गोल घटून ६९ वर आले, तर लिव्हरपूलने ८६ केले. लीगमध्ये आर्सेनलसाठी सर्वाधिक गोल काई हावर्ट्झने केले आणि ते होते ९. लिव्हरपूलच्या मोहम्मद सलाहने एकट्याने २९ केले. कर्णधार मार्टिन ओडेगार्ड सप्टेंबरमध्ये नॉर्वेकडून खेळताना घोट्याला दुखापत करून बसला, बुकायो साका डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत मांडीच्या दुखापतीने बाहेर राहिला, जानेवारीत गॅब्रिएल जेझुसचा गुडघा गेला आणि फेब्रुवारीत हावर्ट्झही जायबंदी झाला. त्यानंतर मधल्या फळीतला मिकेल मेरिनो स्ट्रायकर म्हणून खेळत होता. त्याने मन लावून खेळून महत्त्वाचे गोलही केले, पण विजेतेपदाच्या शर्यतीतल्या संघाची आघाडी अशी उभी करावी लागणे हे नियोजनाचे अपयश आहे. आदल्या उन्हाळ्यात स्ट्रायकर घेतला गेला नाही आणि जानेवारीत, साका नसताना, कोणीही घेतले गेले नाही. त्याचा जाब क्लबला आणि आर्टेटा यांना विचारायलाच हवा. घरच्या मैदानावर एव्हर्टनशी ०-० आणि ब्रेंटफर्डशी १-१ अशा बरोबऱ्या झाल्या, त्यांत धीर सुटलेला नव्हता. चेंडू जाळ्यात घालणारा माणूस नव्हता.

याच संदर्भात लाल कार्डांचा विषय येतो. ब्रायटनविरुद्ध १-० अशी आघाडी असताना डेक्लन राइस, सिटीच्या मैदानावर २-१ अशी आघाडी असताना लियांद्रो ट्रोसार आणि बोर्नमथविरुद्ध ०-० असताना सालिबा, असे पहिल्या आठ सामन्यांतच तीन खेळाडू बाहेर गेले आणि त्या तीन सामन्यांत मिळून ७ गुण निसटले. शिस्तीचा दोष आर्सेनलचाच होता, विशेषतः ट्रोसारने शिट्टीनंतर चेंडू लाथाडला तो. मात्र त्या दिवशी उरलेल्या दहा जणांनी संपूर्ण उत्तरार्धात इतिहाद या सिटीच्याच मैदानावर तिला रोखून धरले आणि जॉन स्टोन्सचा गोल ९८ व्या मिनिटाला आला. या बचावाला कच खाणे म्हणायचे, तर झुंज कशाला म्हणायचे?

कॉर्नरचा आरोप तुलनेने हलका आहे. कॉर्नर आणि फ्री किकचा सराव घेणारे प्रशिक्षक निकोला जोव्हर २०२१ मध्ये आले आणि २०२३-२४ मध्ये आर्सेनलने कॉर्नरवरून १६ गोल केले, जी प्रीमियर लीगमधल्या विक्रमाशी बरोबरी होती. पण त्या वर्षीचे एकूण गोल ९१ होते, म्हणजे बाकीचे ७५ दुसऱ्या मार्गांनी आले. सरावाने घडवलेला गोल हा कमी प्रतीचा असतो, हे मत मला कधीच पटलेले नाही. एप्रिल २०२५ मध्ये राइसने रेआल माद्रिदविरुद्ध एकाच सामन्यात दोन थेट फ्री किकवर गोल केले आणि आर्सेनलने चॅम्पियन्स लीगच्या या गतविजेत्यांना दोन्ही सामने मिळून ५-१ असे हरवले, तेव्हा त्या गोलांना कोणी दुय्यम म्हटले नाही.

पैशाविषयी बोलायचे तर खर्च मोठा झाला आहे. एकट्या राइससाठी सुमारे १० कोटी ५० लाख पौंडांचा करार झाला. पण साका, माइल्स लुईस-स्केली आणि इथन न्वानेरी हे क्लबच्या हेल एंड अकादमीत घडले, गॅब्रिएल मार्टिनेली ब्राझीलच्या इतुआनो या छोट्या क्लबकडून किरकोळ रकमेत आला, आणि ज्या प्रतिस्पर्ध्यांशी तुलना होते त्यांनीही हात आखडता घेतलेला नाही. विजेतेपद विकत घेण्याचा प्रयत्न फसला, हे चित्र म्हणूनच अर्धवट आहे. बाद फेरीच्या देशांतर्गत स्पर्धांबाबतची टीका मात्र मला मान्य आहे. २०२५ च्या लीग कप उपांत्य फेरीत न्यूकॅसलने दोन्ही सामन्यांत २-० असे हरवले आणि त्याच जानेवारीत एफए कपमधून मँचेस्टर युनायटेडने घरच्या मैदानावर पेनल्टींवर बाहेर काढले. तिथे याहून चांगली कामगिरी व्हायला हवी होती.

आता टॉटनहॅम. बिल्बाओमध्ये मँचेस्टर युनायटेडला १-० असे हरवून त्यांनी २००८ नंतरचा पहिला करंडक मिळवला आणि त्यांच्या समर्थकांचा तो आनंद खरा आहे. तो कमी लेखणे मला योग्य वाटत नाही. पण त्यावरून दोन क्लबांच्या भवितव्याची तुलना करायची, तर त्याच हंगामाचा गुणतक्ताही पाहावा लागेल. टॉटनहॅमने २२ सामने गमावले आणि ३८ गुणांवर ते १७ वे आले. आर्सेनलने त्यांना लीगमध्ये दोन्ही वेळा हरवले. करंडक आणूनही प्रशिक्षक अँज पोस्टेकोग्लू यांना त्यांच्याच क्लबने जूनमध्ये पदावरून दूर केले. एका करंडकाने पाया भक्कम ठरत नाही, हे टॉटनहॅमच्या व्यवस्थापनानेच त्या निर्णयातून मान्य केले.

सलग तीन वेळा दुसरा आलेला संघ पुढे जिंकू शकत नाही, या मूळ विधानाला सर्वांत थेट उत्तर आर्सेनलच्याच इतिहासात आहे. तेव्हाचे प्रशिक्षक आर्सेन वेंगर यांचा संघ १९९९, २००० आणि २००१ असा सलग तीन वेळा युनायटेडच्या मागे दुसरा आला होता. पहिल्यांदा एका गुणाने, दुसऱ्यांदा तब्बल १८ आणि तिसऱ्यांदा १० गुणांनी. त्याच काळात त्यांनी यूएफा कपचा अंतिम सामना पेनल्टींवर आणि एफए कपचा अंतिम सामना लिव्हरपूलविरुद्ध गमावला. २००१ च्या उन्हाळ्यात सोल कॅम्पबेल टॉटनहॅम सोडून आला; पॅट्रिक व्हिएरा, थिएरी ऑन्री, रॉबर्ट पिरेस आणि फ्रेडी युंगबर्ग हे सगळे कायम राहिले; आणि पुढच्या वसंतात त्याच संघाने लीग व एफए कप दोन्ही जिंकले, तेही लीगचे विजेतेपद ओल्ड ट्रॅफर्डवर पक्के करून. वेंगर यांच्या पदरी १९९८ चे लीग व एफए कपचे दुहेरी यश आधीच जमा होते आणि आर्टेटा यांच्याकडे तसे काही नाही, हा फरक मी लपवत नाही. पण संघाचा गाभा टिकवून नेमकी उणीव भरून काढली, तर दुसऱ्या क्रमांकाची रांग मोडते, एवढे त्यातून निश्चित दिसते.

या उन्हाळ्यात नेमके तेच घडले आहे, आणि म्हणून मी आशावादी आहे. क्लबने नवे खेळाडू घेतले आहेत. त्यांतला स्ट्रायकर व्हिक्टर ग्योकेरेस याने स्पोर्टिंगसाठी दोन हंगामांत १०२ सामन्यांत ९७ गोल केले आहेत. पोर्तुगालमधले बचाव इंग्लंडइतके कठीण नसतात, त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा इथे उतरेल असे मी मानत नाही. पण लीगमध्ये ९ गोल करणारा खेळाडू अव्वल ठरलेल्या संघाला त्याच्या निम्म्यानेही मोठा फरक पडेल. मार्टिन झुबिमेंडीमुळे मधल्या फळीतून चेंडू पुढे नेणे सोपे होईल आणि राइसला वर जाता येईल. नोनी माडुएके आल्याने साकाला विश्रांती देणे शक्य होईल, जे गेल्या वर्षी जवळजवळ अशक्य होते. प्रतिस्पर्धीही स्वस्थ बसलेले नाहीत. लिव्हरपूलने फ्लोरियन व्हिर्ट्झ आणि ह्युगो एकिटिके यांना घेतले आहे, पण ट्रेंट अलेक्झांडर-आर्नोल्ड आणि लुईस दियास गेल्याने त्यांना आघाडी आणि बचावाची उजवी बाजू नव्याने बसवावी लागेल. सिटीची खरी कसोटी रोद्री गुडघ्याच्या दुखापतीनंतर पूर्वीसारखा खेळतो का, यावर आहे. चेल्सीने क्लब विश्वचषक जिंकून ताकद दाखवली, मात्र तो खेळून आल्यावर त्यांना विश्रांती फार थोडी मिळाली. माझ्या मते लिव्हरपूल हाच मुख्य अडसर राहील.

सुरुवातीचा कार्यक्रम कठीण आहे : १७ ऑगस्टला ओल्ड ट्रॅफर्ड, महिनाअखेरीस लिव्हरपूलचे ॲनफिल्ड, सप्टेंबरमध्ये सिटी आणि लगेच न्यूकॅसल. या सामन्यांत एखाददुसरा पराभव झाला तर त्याच मताला पुन्हा हवा मिळेल, आणि तेव्हाही ते तितकेच निराधार असेल. मी लक्ष ठेवणार आहे ते नोव्हेंबर-डिसेंबरमधल्या घरच्या सामन्यांवर, जिथे खालच्या फळीतले संघ दहा जण मागे घेऊन बसतात आणि गेल्या वर्षी आर्सेनलचे गुण सांडले. तिथे गोल होऊ लागले, तर विजेतेपदाची शर्यत मेपर्यंत जाईल. आणि स्ट्रायकर हाताशी असूनही तिथे पुन्हा ०-० आणि १-१ अशाच बरोबऱ्या होत राहिल्या, तर आर्टेटा यांच्या आक्रमणाच्या पद्धतीतच दोष आहे, हे मला मान्य करावे लागेल आणि मी ते करीन.